सॉफ्टवेअरची मुलाखत : उत्तराइतकीच रीतही महत्त्वाची

नव्या कारागिराच्या हाती हत्यार देऊन आपण त्याचे काम पाहतो. सॉफ्टवेअर कंपन्याही मुलाखतीत उमेदवाराकडून प्रश्न समोरच सोडवून घेतात.

समजा, खातेवहीत १००० नावे अकारविल्हे लिहिली आहेत. एक शोधायचे आहे. पहिल्यापासून पाहत गेल्यास हजारही नावे तपासावी लागतील. मधले नाव पाहून नको असलेला अर्धा भाग दर वेळी सोडल्यास जास्तीत जास्त १० तपासण्यांत काम होते. या रीतीस बायनरी सर्च म्हणतात. मात्र नावे क्रमाने नसतील, तर ती चालत नाही. म्हणून 'यादी क्रमाने आहे ना?' असे आधी विचारणारा उमेदवार परीक्षकाच्या नजरेत भरतो. गप्प राहून लिहिणाऱ्याचा विचार त्याला कळत नाही.

मुलगा मुलाखतीला जाणार असेल, तर त्याने रोज एक प्रश्न कागदावर सोडवून घरच्यांना मोठ्याने समजावून सांगावा. यादी रिकामी असली, नाव सापडलेच नाही, तर काय, हेही तपासावे. घरच्यांना संगणक येत नसला तरी चालेल. 'असे का?' एवढे विचारणारा माणूस समोर हवा.