ऐकण्याची जागा : घरातील दोन स्पीकरांची मांडणी

श्रवण ही ज्ञानाची पहिली पायरी होय. बुद्धाच्या शिष्यास पालीत ‘सावक’, म्हणजे ऐकणारा, असे म्हटले जाते. परंपरेनुसार राजगृहाच्या पहिल्या संगीतीत आनंदांनी ऐकलेला धम्म आठवणीतून सांगितला आणि पुढे कित्येक पिढ्या तो मुखातून कानाकडेच गेला. याउलट गौतम धर्मसूत्राने वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेला धातू ओतण्याचा दंड सांगितला. ज्यांचे कान असे बंद करण्यात आले, त्यांच्या घरात आज ऐकण्याची साधने आली आहेत. तथापि एक स्पीकर कपाटावर आणि दुसरा खिडकीत, अशी मांडणी आम्ही अनेक घरी पाहतो. म्हणून हा पाठ.

इंग्लंडमधील अभियंता ॲलन ब्लमलाइन याने १९३१ साली दोन मार्गांनी ध्वनी नोंदविण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. आपणांस दोन कान आहेत. डावीकडून आलेला ध्वनी डाव्या कानास किंचित आधी व किंचित मोठा ऐकू येतो आणि त्यावरून मेंदू दिशा ठरवितो. दोन स्पीकर नीट मांडले, तर गायक मधोमध, ढोलकी एका बाजूस व पेटी दुसऱ्या बाजूस असल्याचा भास होतो. मांडणी चुकली की हा भास मोडतो.

आता १२ फूट लांब व १० फूट रुंद अशी खोली घेऊ. दहा फुटी भिंतीच्या बाजूस, त्या भिंतीपासून २ फूट पुढे दोन्ही स्पीकर ठेवावेत. बाजूच्या भिंतींपासूनही प्रत्येकी २ फूट अंतर राखावे. म्हणजे दोन स्पीकरांमध्ये ६ फूट उरतात. ऐकणाऱ्याने प्रत्येक स्पीकरपासून ६ फुटांवर बसावे. असा समभुज त्रिकोण तयार होतो. त्याची उंची सुमारे ५.२ फूट, म्हणून बैठक समोरच्या भिंतीपासून सुमारे ७.२ फुटांवर येते. अंतरे दोरीने मोजावीत. एक स्पीकर फूटभर जवळ असल्यास त्याचा ध्वनी सुमारे एक सहस्रांश सेकंद आधी पोहोचतो आणि सारे गाणे त्याच बाजूस सरकते.

उंचीचाही विचार हवा. बारीक स्वर देणारा लहान पडदा कानाच्या पातळीवर असावा. मांडी घालून बसणाऱ्या प्रौढाचा कान जमिनीपासून सुमारे अडीच फुटांवर असतो; तेव्हा शोकेसच्या माथ्यावरील जागा अयोग्यच.

स्पीकर कोपऱ्यात सारल्यास खर्जाचे स्वर भिंतींवरून परतून फुगतात व शब्द झाकोळतात. खोलीच्या लांबीनुसार काही स्वर एके ठिकाणी वाढतात, तर दुसरीकडे लोपतात. १२ फूट लांबीत असा पहिला स्वर सेकंदाला सुमारे ४७ कंपनांचा असतो; तो भिंतीलगत जोरात, तर नेमक्या मध्यावर क्षीण ऐकू येतो. म्हणून बैठक भिंतीस टेकून नसावी आणि बरोबर मध्यावरही नसावी.

बाजूच्या भिंतींवरून येणारा परावर्तित ध्वनी शोधण्यास आरसा पुरतो. आपण बैठकीवर बसावे व मुलाने आरसा भिंतीलगत सरकवीत न्यावा. ज्या जागी आरशात स्पीकर दिसेल, तेथे जाड गोधडी टांगावी किंवा पुस्तकांची मांडणी ठेवावी. हार्वर्डमधील तरुण प्राध्यापक वॉलेस सेबाइन यांनी १८९५पासून एका व्याख्यानगृहातील घुमणारा आवाज खुर्च्यांच्या गाद्या आणूनच अभ्यासला होता. मऊ वस्तू ध्वनी शोषतात, हे त्यांनी मोजून दाखविले. मात्र पातळ पडद्याने केवळ बारीक स्वर कमी होतात, खर्ज तसाच राहतो.

शेवटी परीक्षा. बाबासाहेबांची बीबीसीवरील मुलाखत लावावी. ती एकाच मार्गाने नोंदलेली असल्याने दोन्ही स्पीकरांतून सारखाच ध्वनी येतो आणि आवाज दोहोंच्या बरोबर मध्यातून, जणू समोरून, आला पाहिजे. तो पसरट, पोकळ वाटल्यास एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट जोडल्या गेल्या असण्याची शक्यता अधिक, त्या तपासाव्यात.

येथवर वाचणाऱ्याच्या ध्यानी एक अडचण आली असेल. त्रिकोणाचे टोक एकच, म्हणून उत्तम जागाही एकालाच मिळते. आपल्या घरांत ती सहसा कर्त्या पुरुषाकडे जाते आणि घरची स्त्री दाराआडून अर्धेच गाणे ऐकते. कडेला बसलेल्यास दूरच्या स्पीकरमधील वाद्य तुलनेने क्षीण ऐकू येते. यास उपाय आहे. अनेकांनी मिळून ऐकावयाचे असेल, तेव्हा यंत्रावरील ‘मोनो’ ही कळ दाबावी. मग दोन्ही स्पीकरांतून संपूर्ण ध्वनी येतो आणि शेवटच्या रांगेतील मुलासही प्रत्येक शब्द मिळतो. दिशेचा भास जातो, पण आशय कोणाचाच हिरावला जात नाही. स्टिरिओचा आनंद घ्यावयाचा असेल, तेव्हा मधली बैठक पाळीपाळीने द्यावी.

विज्ञानाने ठरविलेली जागा एकच असली, तरी तेथे कोणी बसावे हे विज्ञान ठरवीत नाही; ते आपण ठरवितो. आमच्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत घरी जाऊन दोरी व आरसा घ्यावा, मांडणी करावी आणि त्या बैठकीवर प्रथम आपल्या आईस बसवावे.

नमो बुद्धाय! जय भीम!