आज भरती किती वाजता?

आईबाबांनो, संध्याकाळी सातच्या सुमाराला तुमच्या घरात काय चाललेलं असतं, याचा मला अंदाज आहे. एक जण मांडव्याच्या लाँचने नाहीतर उभ्याने एसटीतून आलेला असतो. दुसरीने पाहुण्यांच्या खोल्या आवरून अजून पाठ टेकलेली नसते. तेवढ्यात पोर समोर येतं आणि आपल्या तोंडून निघतं, "अभ्यास झाला का?" विचारतो आपण मायेनेच, पण दिवसभराचा ताणही त्या तीन शब्दांवर बसून त्याच्या अंगावर जातो.

हे मला कळलं ते २०२० साली. ३ जूनला निसर्ग वादळ आलं आणि श्रीवर्धनच्या आमच्या वाडीतल्या पोफळी दुपारभरात आडव्या झाल्या. रोठा सुपारीची वाडी ती. पोफळ लावली की फळ धरायला सहा-सात वर्षं जातात, त्यामुळे नुकसान त्या वर्षापुरतं नव्हतं. वीज नव्हती, शाळा कोरोनामुळे आधीच बंद. आम्ही दोघं न बोलता मनातल्या मनात हिशेब करत बसायचो. एक दिवस आमची दहा वर्षांची लेक जवळ येऊन म्हणाली, "आई, तू माझ्यावर रागावलीयस का?"

रागावले नव्हते मी, काळजीत होते. पण मुलांना तो फरक कुठून कळणार? त्यांना आपला चेहरा तेवढा दिसतो.

त्या संध्याकाळी तिला घेऊन किनाऱ्यावर गेले. तिथे शेजारच्या कोळीवाड्यातल्या एक आजी भेटल्या. त्यांनी लेकीला भरतीचं गणित सांगितलं: तिथीची पाऊणपट कर, जे येईल त्या वाजता साधारण भरती पुरी होते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहाला. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. दिवसात भरती दोनदा येते, म्हणून तोच आकडा दिवसाला चालतो आणि रात्रीलाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. लेकीचे डोळे चमकले. पाढे पाठ करायला कुरकुरणारी ती पोर दुसऱ्या दिवशी सकाळीच कालनिर्णयसमोर उभी होती.

मग रोजचंच झालं. ती गणित करायची, आम्ही खरं-खोटं पाहायला जायचो आणि परत आल्यावर वहीत एक ओळ लिहायची. पहिला आठवडा मला ते ओझंच वाटलं, पाय ओढत जायचे. पण पाणी कुठवर आलंय, कालची खूण बुडली का, कुर्ल्या कुठल्या बिळात शिरल्या, हे बघताना वीसेक मिनिटं मनातला हिशेब थांबायचा. पोफळी काही उभ्या राहिल्या नाहीत. मी मात्र घरी येताना लेकीशी बोलत यायला लागले.

पुढे सलीम अलींबद्दल वाचलं तेव्हा हे जास्त उमगलं. १९३० साली ते जर्मनीहून शिकून परतले, तर मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागाच पैशांअभावी रद्द झालेली. वय तेहतीस, हाताला काम नाही. ते आणि पत्नी तेहमिना आपल्या अलिबागजवळच्या किहीमला राहायला आले. तिथे पावसाळ्यात सुगरण पक्ष्यांची घरटी होती आणि ते ती रोज बघत बसले. त्या बघण्यातून कळलं की घरटं विणतो तो नर. ते अर्धवट असतानाच मादी पाहून जाते. तिच्या पसंतीला उतरलं तर तो ते पुरं करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरं विणायला घेतो. पक्षीशास्त्रात ही मोठी भर ठरली. मला त्यातलं भावतं ते एवढंच, की नोकरी गेल्याची चिंता मनात असणारच, तरी त्या माणसाने रोजची नजर बाहेरच्या जिवंत गोष्टीवर ठेवली.

तुम्हाला समुद्र जवळ नसेल तर शेताच्या बांधावरची सुगरण घ्या, दारातली पोफळ घ्या. वेळ रोज एकच ठेवा, फोन घरी ठेवा. आणि हात जोडून सांगते, त्याचा अभ्यास करू नका. "यातून काय शिकलास?" असं विचारलंत की संपलं. मूल गप्प राहिलं तर तुम्हीही गप्प राहा. काही वेळा घरी परतताना, चपला झटकताना ते मनातलं सांगतं. मात्र मूल आठवडेच्या आठवडे नीट जेवत-झोपत नसेल, तर फेरफटक्यावर भागवू नका. डॉक्टरांना दाखवा, किंवा सरकारच्या टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. तिथे पैसे पडत नाहीत.

आमची लेक आता दहावीला आहे. सराव परीक्षेचे दिवस आहेत, घर पुन्हा गप्प होऊ बघतं. काल मी भाकऱ्या थापत होते, मनात तिचे गुण, क्लासची फी, सगळं. ती खोलीतून बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई, आज दशमी. साडेसात."

तवा उतरवून ठेवला. ती दारात चपला घालून उभी होती, माझ्याही सरळ करून ठेवल्या होत्या.