घाट दिसला पाहिजे

सातारा

चि. सोनूस,


पुण्याला पोचल्यावर तू फोन केलास. पाय दुखतात, जिना उतरवत नाही, वेळ मनासारखी आली नाही, हे सगळं पहिल्या हाफ मॅरेथॉनला होतंच, त्याचं मला काही वाटलं नाही. पण मधेच तू म्हणालीस, "आत्या, मला घाट दिसलाच नाही गं." ते मात्र मनाला लागलं. सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळायची, सप्टेंबरातल्या हिरव्यागार दिवसांत यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच दिसू नये? पुढच्या वर्षी पुन्हा येणार म्हणतेस, म्हणून आत्ताच लिहिते. तेव्हा सांगितलं तर तू म्हणशील, आता काय उपयोग.

तुझी सकाळ फार धावपळीची गेली, हे खरंच आहे. मध्यरात्रीनंतर निघालात, खंबाटकीच्या घाटात ट्रकांमागे अडकलात, साताऱ्यात शिरलात तोवर शर्यतीसाठी रस्ते बंद झालेले. गाडी कुठेतरी लांब लावून तू पळत सुटलीस. छातीवर लावायचा नंबर, म्हणजे बिब, मैत्रिणीकडे, मैत्रीण गर्दीत, पिना सापडेनात, शौचालयापुढे भली मोठी रांग. मैदानाशी पोचलीस तेव्हा तुझा गट सुटून गेलेला. आणि मग तू जे केलंस ते जवळजवळ सगळेच करतात. गेलेली मिनिटं भरून काढायला निघालीस.

सोनू, ती मिनिटं गेलेलीच नव्हती. बिबच्या मागे चिकटवलेली ती पातळ पट्टी असते ना, तीच तुझं घड्याळ. सुरुवातीच्या रेषेवरच्या चटईवरून तू पुढे गेलीस की ते चालू होतं, शेवटच्या चटईवर थांबतं. आधी सुटलेल्यांचं तुझ्याकडे काहीच येणं नव्हतं. पहिल्या क्रमांकासाठी पळणाऱ्यांचं गणित निराळं, त्यांना बंदुकीच्या आवाजाबरोबर सुटावंच लागतं. तुझ्यामाझ्यासारख्यांनी उशीर झाला तर रेषेच्या अलीकडे उभं राहावं, बुटांच्या नाड्या पुन्हा बांधाव्यात, दहा-बारा श्वास सावकाश सोडावेत आणि मग चटईवर पाय ठेवावा. तेवढ्यानं निकालात एका सेकंदाचाही फरक पडत नाही.

पण हे डोक्याला पटलं तरी शरीराला लगेच पटत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. घाईगर्दीत अंगात अ‍ॅड्रेनालिन उसळलेलं असतं. छाती आधीच धडधडत असते, रक्तात साखर सुटलेली असते, पाय हलके वाटतात. त्यामुळे पहिले दोन-तीन किलोमीटर फसवे जातात. वेग जास्त असतो आणि तरी सोपा वाटतो. जोरात पळताना शरीर चरबीपेक्षा साखरेवर जास्त चालतं, आणि स्नायूंतला तो साठा मर्यादित असतो. तू तो गावातल्या राजपथावरच उधळलास, चढ सुरू व्हायच्या आधी.

"आधी" तरी कसं म्हणू? आपलं गाव सपाट नाही. पोवई नाक्याकडून मोती चौक, राजवाडा करत समर्थ मंदिराकडे जाताना रस्ता सारखा वर वर जातो. गाडीतून ते जाणवत नाही, पायांना जाणवतं. दोन्ही बाजूंना माणसं उभी असतात, शाळेची मुलं टाळ्या देतात, ढोल-लेझीम चालू असते. त्या भरात पळणारा घाटाच्या पायथ्याशी येईपर्यंत निम्मा संपलेला असतो. म्हणून माझं सांगणं असं की समर्थ मंदिरापर्यंतचा रस्ता शर्यतीत धरूच नकोस. तो सकाळची घाई अंगातून उतरवण्यासाठी ठेव. लोक पुढे जातील, जाऊ देत. तोंड मिटून, नाकानं श्वास घेत पळता येईल इतकंच पळ. घड्याळातला वेग बघून तुला लाज वाटेल. पट्टा फिरव आणि घड्याळाचं तोंड मनगटाच्या आत कर.

आता घाटाचं. तू विचारलंस, चढावर वेग किती ठेवायचा? चढावर वेग ठेवायचाच नसतो, जोर ठेवायचा असतो. सपाटीला जेवढा जोर लावतेस तेवढाच चढावर लाव, वेग किती पडायचा तेवढा पडू दे. पावलं छोटी, हात कोपरात दुमडलेले, कंबरेतून वाकायचं नाही, नजर चार पावलांपुढे. आणि चालावं लागलं तर चाल. घाटात चालणाऱ्याला कोणी कमी लेखत असेल तर त्यानं हा घाट पळून पाहिलेला नाही. मात्र दमल्यावर चालू नकोस, दमायच्या आधी चाल. एखादं मिनिट, ताठ, झपझप, आणि पुन्हा पळायला लाग.

जोर बरोबर आहे की नाही हे कसं ओळखायचं? नाडीचे ठोके मोजणारं यंत्र तुझ्याकडे आहे, पण घाईच्या सकाळी ते उगाच घाबरवतं. सोबतच्या माणसाशी एक अख्खं वाक्य बोलता येतंय का ते बघ, असं सगळेच सांगतात, आणि ते खरंही आहे. माझी स्वतःची खूण वेगळी आहे. मला दिसतंय का, एवढंच मी तपासते. वळणावर मान वळवून खाली बघायचं. अजिंक्यतारा किल्ला कुठे आहे, त्याच्या पायथ्याशी पसरलेलं गाव किती खाली गेलं, कडेच्या दरडीवरून पाणी उतरतंय का. हे बघून मनात त्याचं काही उमटलं, तर तू ठीक पळते आहेस. नजर गेली पण काहीच उमटलं नाही, समोरच्याच्या टाचा तेवढ्या दिसतायत, तर जोर जास्त झालाय. जोर वाढला की मन आत ओढलं जातं आणि नजर आखडते. तुला घाट दिसला नाही याचा अर्थ मी तसाच लावते. तुला हौस नव्हती असं नाही, तू तुझ्या कुवतीबाहेर पळत होतीस.

म्हणून म्हणते, देखावा हे शर्यतीचं बक्षीस समजू नकोस, तो तुझा मापक आहे. आणि इथे मापायला पुष्कळ आहे. यवतेश्वर मागे पडलं की रस्ता डोंगराच्या सोंडेवरून कासच्या दिशेनं जातो. एका अंगाला वेण्णेवरच्या कण्हेर धरणाचं पाणी, दुसऱ्या अंगाला उरमोडीचं, आणि त्या बाजूला हवा स्वच्छ असेल तर सज्जनगडाचा माथा. कडेच्या गवतात गुलाबी तेरडा. कासचं पठार आणखी पुढे आहे, शर्यत त्याच्या बरीच अलीकडे वळते. पण 2012 साली पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारसा ठरल्या त्यांत कास आहे, आणि आपण त्याच्याच वाटेवर पळतो, हे माझ्या मनातून कधी जात नाही. धुकं असेल तर यातलं काही दिसायचं नाही. मग धुकं बघ. भुवयांवर पाणी कसं साठतं, पुढच्या माणसाचा रंगीत बनियन किती पावलांवर विरतो, ते बघ.

वळसा घेतला की सगळ्यांना वाटतं, आता नुसतं उतरायचं. तुझे पाय गेले ते इथेच. उतारावर मांडीचे स्नायू आखूड होत नाहीत, ताणले जात असताना भार तोलतात, आणि त्यात त्यांचे बारीक तंतू दुखावतात. दोन दिवस जिना उतरवला नाही तो त्यामुळे. टाच रोवून स्वतःला अडवत उतरू नकोस. पावलं आणखी छोटी आणि भरभर टाक, पाऊल शरीराच्या खाली पडू दे, हात थोडे बाजूला सोड. रस्ता ओला असेल तर पांढऱ्या पट्ट्यांवर पाय देऊ नकोस, त्या निसरड्या होतात. आणि उताराचा सराव कर. पुण्यातली माणसं सिंहगडाच्या रस्त्यानं वर पळत जातात आणि गाडीनं खाली येतात. तू उतरतानाही पळ. आठवड्यातून एकदा, आधी थोडं, मग वाढवत. एकदा दुखावून सावरलेला स्नायू पुढच्या वेळी तेवढा दुखावत नाही, हा त्याचा गुण आहे.

लय मोडली की पुन्हा धरायची कशी, हे शिकायचं असेल तर आपल्याच जिल्ह्यातल्या ललिता बाबरची 2016 ची रिओतली शर्यत बघ. माण तालुक्यातल्या मोहीची ही मुलगी 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. त्या शर्यतीत 28 अडथळे आणि 7 वेळा पाण्यावरची उडी असते. म्हणजे पस्तीस वेळा लय मोडते आणि पस्तीस वेळा ती पुढच्या काही पावलांत परत धरावी लागते. प्रत्येक अडथळ्यानंतर तिचे खांदे बघ. पिना न सापडणं, रांग, चुकलेला गट, हेही अडथळेच होते. एक ओलांडला की खांदे खाली यायला हवेत.

बाकीचं घरगुती सांगते. आदल्या दिवशी दुपारीच साताऱ्याला ये, आपल्याकडेच राहा. बिब तू स्वतः घे आणि रात्रीच बनियनला लाव. मागची पट्टी दुमडू नकोस. पहाटे उठल्या उठल्या पाणी आणि चहा घे, म्हणजे पोट घरीच मोकळं होतं. गूळ-तूप लावलेली अर्धी पोळी किंवा एक केळं पुरे, पण जे खाशील ते सरावाच्या रविवारीही खाऊन बघ. वाटेत प्रत्येक टेबलावर ग्लासभर पाणी ढोसू नकोस, दोन-तीन घोट घे, मधूनमधून मीठ-साखरेचं घे. नुसतं पाणी फार झालं की रक्तातलं मीठ पातळ होतं आणि त्यानं गरगरतं, मळमळतं, प्रकरण गंभीरही होऊ शकतं.

एवढी तयारी करूनही एखाद्या सकाळी काहीतरी बिनसेल. रिक्षा मिळायची नाही, पाऊस कोसळेल, तुझ्या दादाला बूट सापडायचे नाहीत. तेव्हा चिडू नकोस गं. तू फोनवर त्या सकाळबद्दल इतकं बोललीस आणि घाटाबद्दल एकच वाक्य, ते मला सहन होत नाही. तुझ्या आजोबांनी आयुष्यभर याच घाटातून सायकल हाकली, वरच्या वाड्यांतल्या शाळांत शिकवायला जायला. त्यांच्या नातीनं तो डोळे भरून बघावा अशी माझी फार इच्छा आहे.

नोंदणी सुरू झाली की मी कळवीनच, ती लवकर भरते. पाय बरे झाले की या दिवाळीतच चार दिवस ये. आपण दोघी समर्थ मंदिरापासून यवतेश्वरापर्यंत नुसत्या चालत जाऊ आणि कुठलं वळण कुठे आहे ते तुला दाखवीन. दादालाही आण. आणि येताना तुझे पळायचे नवे बूट आण, मला त्यांचे तळवे बघायचेत. ओल्या डांबरावर ते धरतील असं मला वाटत नाही.

तुझी,
आत्या