भिंगाचा दर नंतर, आधी भिंग बघा

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की काउन्सेलर बाई दरपत्रक समोर ठेवतात. एका ओळीत 'इंडियन', खाली 'इम्पोर्टेड', त्याखाली 'प्रीमियम', आणि प्रत्येकापुढे चढता आकडा. आईच्या डोळ्याचा प्रश्न आहे, पैशाकडे काय बघायचं, म्हणून घरचे शेवटच्या ओळीवर बोट ठेवतात. त्यामागची माया खरी असते. पण त्या कागदावर भिंगाविषयी जवळजवळ काहीच लिहिलेलं नसतं. भिंग कुठल्या देशात बनलं यावरून ते कसं आहे हे कळत नाही. मदुराईची ऑरोलॅब १९९२ पासून भिंगं बनवते आणि ती परदेशातही जातात. म्हणून पहिलं काम हे करा, की प्रत्येक पर्यायाचं नेमकं मॉडेल लिहून मागा. नाव हाती आलं की उत्पादकाच्या माहितीपत्रकातून बाकीचं काढता येतं.

त्यात सगळ्यात आधी पदार्थ बघा. लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली डोळ्यात पहिलं भिंग बसवलं, ते पीएमएमए या कडक प्लास्टिकचं होतं. युद्धात विमानाच्या छताचे याच जातीच्या प्लास्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात शिरूनही डोळ्याने ते सोसले होते, हे त्यांनी पाहिलं होतं. या प्लास्टिकचं भिंग आजही वापरात आहे आणि त्यातून दिसतंही स्वच्छ. अडचण एवढीच, की त्याची घडी होत नाही. त्यामुळे छेद साधारण साडेपाच-सहा मिलिमीटरचा घ्यावा लागतो आणि त्याने डोळ्याचा तिरपा नंबर थोडा बदलू शकतो. घडीचं भिंग नळीतून गुंडाळून सोडतात, ते दोन-अडीच मिलिमीटरच्या छेदातून आत जातं आणि डोळ्यातल्या मूळ भिंगाच्या पिशवीत उलगडतं.

घडीच्या भिंगांत मुख्य जाती दोन, हायड्रोफोबिक आणि हायड्रोफिलिक. फरक पाण्याचा आहे. हायड्रोफोबिक पाणी जेमतेम शोषतं, हायड्रोफिलिकमध्ये पाणी साधारण १८ ते २६ टक्के असतं. त्यामुळे दुसरं जास्त मऊ असतं, अधिक बारीक छेदातून जातं आणि सहसा स्वस्त पडतं. मात्र क्वचित त्यात क्षार साचून भिंग दुधाळ होतं. पुढे डोळ्यात हवा किंवा वायू भरून पडद्याची किंवा बुबुळाची शस्त्रक्रिया झाली, तर हा धोका वाढतो. आणि असं दुधाळ झालेलं भिंग लेसरने साफ होत नाही, बदलावंच लागतं. म्हणून ज्यांचा पडदा नाजूक आहे, मधुमेहाने खराब झालेला आहे किंवा ज्यांच्या बुबुळाला आतून सूज आहे, त्यांनी हा प्रश्न डॉक्टरांना आवर्जून विचारावा. हायड्रोफोबिकही निर्दोष नाही. काही मॉडेलांत वर्षांनुवर्षांत पाण्याचे सूक्ष्म चमकणारे कण धरतात. बहुतेकांच्या नजरेला त्याचा त्रास होत नाही आणि नव्या मॉडेलांत ते बरेच कमी झाले आहेत. साध्या वयोमानाच्या मोतीबिंदूसाठी मी हायड्रोफोबिकच्या बाजूने आहे.

माहितीपत्रकात वक्रीभवनांक दिसेल. पीएमएमएचा १.४९, हायड्रोफोबिकचा मॉडेलनुसार १.४७ ते १.५५. अंक मोठा म्हणजे तेवढ्याच नंबरचं भिंग अधिक पातळ, इतकंच. त्याने जास्त दिसतं असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. शेजारी 'अॅबे' नावाचा आकडा असला तर तोही टिपून घ्या. तो जितका मोठा, तितके रंग कमी फाकतात. पीएमएमएचा ५८च्या आसपास आहे, १.५५ वक्रीभवनांकाच्या एका प्रचलित हायड्रोफोबिक पदार्थाचा ३७. म्हणजे पातळपणा फुकट मिळत नाही.

पुढचा प्रश्न कडेचा. भिंगाची मागची कड चौकोनी आणि सलग सगळीकडून धारदार आहे का? ऑपरेशननंतर महिन्यांनी किंवा वर्षांनी या पिशवीच्या मागच्या पडद्यावर पेशी सरकत येतात आणि पुन्हा धूसर दिसू लागतं. लोक म्हणतात मोतीबिंदू परत आला. तो परत येत नाही, पिशवीचा पडदा गढूळ होतो आणि याग लेसरने तो उघडावा लागतो. धारदार कड या पेशींना अडवते. दरपत्रकात हा मुद्दा कधीच नसतो, आणि माझ्या मते त्यातल्या निम्म्या विशेषणांपेक्षा तो महत्त्वाचा आहे.

मग आकार. बहुतेकांच्या बुबुळात थोडा गोलीय दोष असतो, सरासरी अधिक ०.२७ मायक्रॉनच्या आसपास. अॅस्फेरिक भिंग तो पूर्ण किंवा अंशतः भरून काढतं किंवा निदान त्यात भर घालत नाही. फायदा मुख्यतः बाहुली मोठी असताना, म्हणजे अंधारात, रात्री गाडी चालवताना. दूरच्या चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी लॅसिक झालं असेल तर बुबुळाचं गणितच बदललेलं असतं. वीस वर्षांपूर्वीचं असलं तरी ते डॉक्टरांना सांगा.

मल्टिफोकलबद्दल थोडक्यात: ते प्रकाश दूरच्या आणि जवळच्या नजरेत वाटून देतं, म्हणून चष्मा सुटतो, पण दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात आणि फिक्या रंगांतला फरक कमी जाणवतो. पडद्याचा आजार किंवा पुढे गेलेला काचबिंदू असेल तर ते सहसा टाळतात. टोरिक भिंग तिरप्या नंबरासाठी. ते एक अंश फिरलं की सुमारे तीन टक्के परिणाम जातो, तीस अंश फिरलं तर सगळाच.

एवढं जुळवूनही माप चुकलं तर उपयोग नाही. डोळ्याच्या लांबीत एका मिलिमीटरची चूक म्हणजे जवळपास अडीच ते तीन नंबरांची चूक. माप प्रकाशाच्या यंत्रावर घेतलं का, विचारा. मोतीबिंदू फार पिकला असेल तर प्रकाश आरपार जात नाही, तेव्हा ध्वनिलहरींचा ए-स्कॅन करावा लागतो. काँटॅक्ट लेन्स वापरत असाल तर मापाआधी डॉक्टर सांगतील तितके दिवस काढून ठेवा. आणि दोन दवाखान्यांनी एकाच डोळ्याला २१ आणि २१.५ असे वेगळे नंबर काढले तर लगेच घाबरू नका, आधी मॉडेल वेगळं आहे का पाहा. प्रत्येक मॉडेलचा स्थिरांक वेगळा असतो, त्यामुळे नंबरही बदलतो.

ऑपरेशनच्या दिवशी भिंगाच्या खोक्यातलं स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवलेलं आहे ना, घरी निघण्याआधीच बघा. त्यावर मॉडेल, नंबर डायऑप्टरमध्ये, मधल्या भागाचा व्यास बहुधा सहा मिलिमीटर, पायांसकट लांबी बारा-तेराच्या आसपास, अनुक्रमांक आणि मुदत असते. मॉडेल तुमच्या कागदावरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळवा, नंबर मापाच्या कागदाशी जुळवा. न जुळल्यास तिथेच कारण विचारा. कधी कधी पिशवी फाटल्यामुळे डॉक्टरांना ऐनवेळी दुसरं भिंग घालावं लागतं, आणि तसं झालं असेल तर ते कार्डावर लिहून घ्या. कार्डाचा फोटो काढून घरात दोघांच्या फोनमध्ये ठेवा. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन असो की पुढे पडद्याचं, पहिल्यांदा हेच मागतात.