मक्ख चेहऱ्यामागे

"नातीचं लग्न ठरलं, घरात सगळे नाचले आणि हे नुसते बघत बसले. डॉक्टर, यांना आता कशाचंच काही वाटत नाही हो!" काकू वैतागल्या होत्या. शेजारी काका. चेहरा मक्ख, उजव्या हाताची बोटं गोळी वळल्यासारखी फिरत होती. नातीचं नाव निघालं तशी ती जास्तच जोरात फिरू लागली. मी काकांनाच विचारलं. बऱ्याच वेळानं उत्तर आलं, "त्या रात्री झोपलोच नाही. आनंदानं."

पार्किन्सन्समध्ये हे नेहमी घडतं. मेंदूत खोलवर बेसल गँग्लिया नावाचे पेशींचे पुंजके असतात. डोपामाइन हे रसायन कमी पडलं की त्यांचं काम बिघडतं आणि हालचाली मंदावतात. हसणं हीसुद्धा स्नायूंची हालचालच. ती अडते, आनंद अडत नाही.

पण हेच पुंजके भावनांच्या कामातही असतात. त्यांतला सबथॅलॅमिक न्यूक्लियस वाटाण्याहून लहान. त्याचा एक भाग हालचालीचा, एक विचाराचा, एक भावनेचा. मधे भिंती मात्र नाहीत. 1999 साली पॅरिसच्या डॉक्टरांनी एका 65 वर्षांच्या बाईंची हकिकत छापली. पार्किन्सन्ससाठी मेंदूत बसवलेल्या तारेच्या एका टोकातून वीज सोडली, तर त्या काही सेकंदांत रडू लागल्या, जगणं नको म्हणाल्या. वीज बंद केल्यावर दीड मिनिटाच्या आत सगळं ओसरलं, आणि त्या थट्टामस्करी करू लागल्या. तारेचं टोक सबस्टान्शिया नायग्रा या शेजारच्याच भागात होतं. मला ही हकिकत अजून अस्वस्थ करते.

काही रुग्णांना समोरच्याच्या चेहऱ्यावरची किंवा आवाजातली भीती, चीड नीट ओळखता येत नाही. म्हणजे काकूंचा वैताग काकांपर्यंत पोचतच नसेल, अशीही शक्यता आहे!

म्हणून चेहऱ्यावरून अंदाज बांधू नका, तोंडानं विचारा आणि उत्तराला वेळ द्या. काहींची उमेद मात्र खरोखरच आटते; त्याला आळस म्हणू नका. नैराश्य तर कधीकधी कंप सुरू होण्याच्या आधी काही वर्षं येतं, आणि त्यावर उपचार आहेत. डोपामाइनसारखं काम करणाऱ्या काही गोळ्यांमुळे जुगार किंवा बेसुमार खरेदीचा नाद लागू शकतो. संकोच न करता सांगा, पण गोळी स्वतःहून बंद करू नका. मेंदूत तार बसवली असेल तर मनःस्थितीतला बदलही कळवा. विजेचं प्रमाण बदलता येतं.

गोळीच्या वेळेशी मूडचा काही संबंध आहे का, ते कळावं म्हणून काकूंना मी एक वही करायला सांगितली: गोळीची वेळ आणि काकांचा मूड. महिन्यानं त्या वही घेऊन आल्या. एका पानावर होतं, "दुपारी 3. गोळीची वेळ झाली. घाबरले, डोळ्यांत पाणी. 4 वाजता पेपर मागितला, लग्नाचा हॉल कुठला म्हणून विचारलं."