गोठवलेला भ्रूण आणि दहा वर्षांची मुदत

उत्तरेच्या उदरातील परीक्षिताचे रक्षण श्रीकृष्णाने केले, ही कथा आपण सत्संगात अनेकदा ऐकली आहे. गर्भात जीव आहे, याविषयी आपल्या मनात शंका नसते. पण देशाचा कायदा त्या गर्भाला काय मानतो, असे कोणी विचारले तर आपण काय सांगू? आज साधक कुटुंबांतही टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार घेतले जातात, तेव्हा हे समजून घेतलेले बरे.

आधी पोटातल्या बाळाचे पाहू. मृत्युपत्र न करता वडील वारले आणि त्या वेळी बाळ आईच्या पोटात असेल, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६, कलम २० प्रमाणे त्यालाही इतर भावंडांसारखाच वाटा मिळतो, तोही वडिलांच्या मृत्यूच्या दिवसापासून. अट एकच, बाळ जिवंत जन्मले पाहिजे. म्हणजे कायदा त्याची जागा राखून ठेवतो आणि वाट पाहतो. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्याचा विचार वेगळा आहे. तिथे आईचे आरोग्य, तिची संमती आणि आठवड्यांची मर्यादा पाहिली जाते.

पोटाबाहेरचा भ्रूण मात्र या दोन्हींत बसत नाही. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी गोठवलेल्या भ्रूणापासून १९७८ सालीच बाळ जन्माला आणले होते. त्यासाठी स्वतंत्र कायदा व्हायला २०२१ साल उजाडले. (गांधारीच्या घागरींचा दाखला देऊन ‘आमच्याकडे हे आधीच होते’ असे म्हणण्याचा मोह इथे टाळावा. त्याने समोरच्या जोडप्याचा प्रश्न सुटत नाही.)

गर्भलिंगनिदानाच्या कायद्यात तर एक विलक्षण तरतूद आहे. फलनानंतर छप्पन्न दिवसांपर्यंत भ्रूण, सत्तावन्नाव्या दिवसापासून गर्भ. पण वाढ थांबवून ठेवलेला काळ या मोजणीत धरायचा नाही! द्रव नायट्रोजनमध्ये काढलेली वर्षे जणू गेलीच नाहीत.

२०२१ च्या कायद्याने मात्र मुदत घातली आहे. भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे ठेवता येतो. त्यानंतर तो नष्ट होऊ द्यायचा, किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संस्थेला संशोधनासाठी द्यायचा. विकता तो येतच नाही.

आपल्यासाठी खरा प्रश्न इथे आहे. हा निर्णय जोडप्यालाच घ्यायचा असतो, आणि सही बहुधा उपचाराच्या घाईत, फॉर्म न वाचता होते. दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला तर भ्रूणाचे काय करायचे, हेही त्यात लेखी द्यावे लागते. म्हणून आपल्या ओळखीत कोणी या उपचाराला निघाले असेल, तर त्यांना पाप-पुण्य ऐकवू नका. मूल नसल्याचे बोलणे त्यांनी आधीच पुष्कळ ऐकलेले असते. फॉर्म घरी आणून दोघांनी शांतपणे वाचावा, एवढे सुचवा. किती स्त्रीबीजे फलित करायची, हे डॉक्टरांशी आधी बोलता येते. भ्रूण गर्भाशयात सोडण्यापूर्वी संमती केव्हाही मागे घेता येते, हेही त्यांना सांगा.