वाजवणाऱ्याचे वर्ष : सुपारी आणि मधले दिवस

पाथरी, मानवत, सेलू, माजलगाव या पट्ट्यात लग्नाची वरात निघाली की बँड लागतोच. त्या बँडमधला क्लॅरिनेटवाला, ढोलकवाला, कीबोर्ड वाजवणारा, कव्वालीला साथ करणारा हा कोणाचाही पगारी नोकर नसतो. सुपारी आली तर रोजी, नाही तर घरी. संगीताबद्दल उलेमांमध्ये जे मतभेद आहेत त्यांत आम्ही येथे शिरत नाही. ज्यांच्या घरी हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, त्यांच्या हिशेबाविषयीच बोलू.

या धंद्यात 'सुपारीला किती मिळाले?' असे सर्रास विचारले जाते. वर्षाला किती मिळाले, हे कोणी विचारत नाही. समजा एका वादकाला हंगामात 45 दिवस काम लागले आणि रोजी 1000 रुपये पडली. हातात 45,000 रुपये आले. मे महिन्यात ही रक्कम भरभक्कम वाटते. बारा महिन्यांवर वाटली तर महिन्याला 3750 रुपये होतात. दुकानदाराला आपला महिना ठाऊक असतो, शिंप्यालाही असतो. वादकाला मात्र तो बहुधा ठाऊक नसतो, आणि त्याची ओढाताण येथूनच सुरू होते.

वादक दोन पंचांगांवर जगतो. हिंदू घरची लग्ने तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि आषाढी एकादशीला थांबतात. मुसलमान घरी रमजान व मोहरमच्या महिन्यात सहसा लग्न धरत नाहीत, आणि हिजरी महिने दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतात. म्हणजे बंद महिने दरसाल बदलतात आणि ते आधी मोजून ठेवावे लागतात. 2026 सालचेच उदाहरण घ्या. 19 फेब्रुवारीच्या सुमारास रमजान. 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ, म्हणजे ऐन उन्हाळी लग्नसराईत मुहूर्त बंद. त्याला लागूनच मोहरम. असा अधिक ज्येष्ठ 2018 सालीही आला होता. 2023 चा अधिक मास श्रावणात पडला, चातुर्मासात काम नव्हतेच, म्हणून तो कोणाला जाणवला नाही. दिवाळीतच पुढच्या वर्षाची दिनदर्शिका आणून बंद दिवसांवर पेन्सिलीने रेघ मारणे हे एका संध्याकाळचे काम आहे. किराणा व्यापारी माल भरताना हेच करतो.

बंद महिन्यांत घर चालते ते उचलीवर. ऊसतोड कामगारांची उचल आपल्या भागात सर्वांना माहीत आहे. बँडमालकाची उचल त्याच जातीची. पावसाळ्यात मालक वीस हजार देतो, हंगामात ते कापून घेतो. तिच्यावर व्याज नसते, म्हणून ती बिनघोर वाटते. पण ज्याच्या अंगावर उचल आहे त्याला दिवाळीनंतर रोजी ठरवताना तोंड उघडता येत नाही. दुसरा मालक दोनशे रुपये जास्त देत असला तरी तिकडे जाता येत नाही. 45 दिवसांचे दोनशेप्रमाणे 9000 रुपये झाले. वीस हजारांवर एवढी रक्कम गेली, तर सावकाराने वेगळे काय केले असते? यात मालकाला खलनायक ठरवण्याचे कारण नाही. त्यालाही गाडी, डिझेल, गणवेश, जनरेटर पाहायचे असतात आणि ऐन दिवशी माणूस पळून जाईल ही धास्ती असते. उपाय साधा आहे. आठ-दहा वादकांनी आपसांत भिशी धरावी. हंगामात वीस आठवडे तीनशे रुपये टाकले तर माणशी 6000 होतात, आणि ते पावसाळ्यातच वाटून घ्यावेत. उचल घ्यावीच लागली तर रक्कम आणि रोजी दोन्ही वहीत लिहून दोघांनी सही करावी.

लिहिण्याची गोष्ट सुपारीलाही लागू आहे. तारीख, गाव, माणसे किती, वरात केव्हापासून केव्हापर्यंत, जेवण व गाडी कोणाची, इसार किती, आणि लग्न मोडले किंवा तारीख बदलली तर इसाराचे काय, हे एका पानावर मावते. वेळ लिहिणे तर फारच जरुरीचे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. वरात साडेनऊला निघाली की पाहुणे 'अजून एक गाणे' म्हणतात आणि पोलीस आले की वाद्ये जप्त होण्याची भीती वाजवणाऱ्यालाच असते. लग्नात सिनेमाची गाणी वाजवल्याबद्दल कोणी परवाना शुल्क मागू लागला तर हेही ठाऊक असावे की 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 52 व्या कलमात धार्मिक विधी, लग्नाची वरात व लग्नाशी निगडित समारंभ यांना सूट आहे. हॉटेलातल्या तिकिटाच्या कार्यक्रमाला ती सूट नाही.

एकाच कामावर विसंबणे किती महाग पडते ते 2020 ने दाखवले. 25 मार्चला टाळेबंदी लागली आणि अख्खी लग्नसराई गेली. 2021 च्या एप्रिलमध्ये राज्यात लग्नाला 25 माणसे आणि दोन तास एवढीच मुभा राहिली. पंचवीस माणसांच्या लग्नात बारा माणसांचा बँड कोण बोलावणार?

मिरजेचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. तेथील शिकलगार घराणी हत्यारांना धार लावणारी. राजेरजवाड्यांच्या तलवारींचे काम आटले तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, फरीदसाहेबांनी तंबोरा-सतार बनवण्याचा उद्योग धरला. पुढे उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेस राहिले, गवयांची ये-जा वाढली आणि कारागिरांना पारखी गिऱ्हाईक दारातच मिळाले. 2024 साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पाथरीत उद्या सतारी बनतील असे आम्ही म्हणत नाही. पण संगीताचा पैसा वाजवण्यात जितका आहे तितकाच वाद्य लावण्यात आणि दुरुस्तीत आहे, हे त्या गावाने दाखवले. ढोलकीला पूड चढवणे, हार्मोनियमचे सूर लावणे, क्लॅरिनेटच्या गाद्या बदलणे ही कामे आपल्याकडे हाताशी करणारा नसला की वाद्य परभणी-संभाजीनगरला पाठवावे लागते. मशिदीच्या गल्लीतही हार्मोनियम असते आणि भजनी मंडळातही. दुरुस्तीला मुहूर्त लागत नाही.

शिकवणीचेही तसेच. सहा मुले, प्रत्येकी 300 रुपये, वर्षाचे दहा महिने, 18,000 रुपये झाले. वरातीच्या मानाने रक्कम लहान, पण ती जुलैत येते, ऑगस्टमध्ये येते.

वयस्कर वादकांसाठी शेवटची माहिती. राज्य शासनाची वृद्ध साहित्यिक व कलावंत मानधन योजना 2024 पासून राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालते. मानधन महिन्याला 5000 रुपये, वयाची अट 50. अर्जाची चौकशी पंचायत समितीत करावी. तेथे अडते ते पुराव्यापाशी. तीस वर्षे ढोलक वाजवली, पण कागद एकही नाही, असे होते. म्हणून प्रत्येक उरूस, जलसा, शाळेच्या संमेलनाची पत्रिका, वर्तमानपत्रातले कात्रण, आयोजकाने दिलेले पत्र आजपासून एका पिशवीत टाकत जावे, आणि ती पिशवी वाद्याच्या पेटीतच ठेवावी.